मल्हारीचं कडवं

मालनबाईच्या गाण्याला पस्तीस वर्षं झाली म्हणून नाशकात तिचा सत्कार ठरला आणि पत्रिकेवर गीतकाराच्या जागी 'पारंपरिक' असं छापून आलं. ती परंपरा तेव्हा जेलरोडच्या दोन खोल्यांत पलंगावर बसून चहात टोस्ट बुडवत होती.

परंपरेचं नाव मल्हारी. वय अडुसष्ट, नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेला कामगार, मालनबाईचा नवरा. डावा कान पार गेलेला, उजवाही गेल्या वर्षापासून निघण्याच्या तयारीत. डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं होतं, पण ते लावलं की माणसांपेक्षा पंख्याचाच आवाज जास्त येतो अशी त्याची तक्रार, म्हणून मशीन त्याच्या खिशातल्या डबीत पडून असायचं. त्याने पत्रिका लांब धरून वाचली. 'पारंपरिक'वर त्याचं बोट जरासं थांबलं, मग त्याने ती टीव्हीच्या मागे सरकवली आणि उरलेला टोस्ट उचलला.

पत्रिका घेऊन आलेला किशोर समोरच्या खुर्चीत बसला होता. लग्नातलं संगीत, नगरसेवकांचे वाढदिवस आणि मधूनच एखाद्या जुन्या कलावंताचा सत्कार, असे कार्यक्रम करायचा त्याचा धंदा. बोलायला गोड होता. मालनबाईला त्याने आल्या आल्या वाकून नमस्कार केला होता, मल्हारीला नुसतं "काका, बरं ना?" विचारलं होतं.

"अरे, हे पारंपरिक काय लिहिलंय?" मालनबाई म्हणाली. "गाणं यांनी लिहिलंय. हे काय, बसलेत समोर."

"मावशी, मला मान्य आहे हो. पण कॅसेटवर पारंपरिक होतं, यूट्यूबवर पारंपरिक आहे, रिमिक्सवाल्यांनीही तेच टाकलंय. मी एकट्याने वेगळं छापलं तर उद्या कोणीतरी पुरावा मागेल. पुरावा काय आपल्याकडे?"

"शेवटच्या कडव्यात नाव हाय की यांचं!"

"शेवटचं कडवं?" किशोर हसला. "मावशी, गाण्याला तीनच कडवी आहेत. अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहेत."

चौथं कडवं होतं, पण ते कॅसेटवर नव्हतं. त्याचं खरं कारण मालनबाईने पस्तीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

ज्यांनी एक्क्याण्णव-ब्याण्णव साली नाशिक जिल्ह्यात लग्न केलं, त्यांना हे गाणं कुठलं ते सांगायला नको. त्यांच्या वरातीत ते वाजलं होतं, नाहीतर वरात पुढे सरकली नसती. 'घडीभर थांब रं, घडीभर थांब, विंचूरच्या वळणाला वाट लय लांब.' लासलगावच्या बाजाराकडे निघालेल्या कांद्याच्या ट्रॅक्टरवर ते वाजायचं, चांदवडच्या घाटात ट्रकवाले ते लावायचे. नाशकात मेनरोडला तेव्हा कॅसेटचं एक दुकान होतं. त्याच्या दारात फळा असायचा आणि दर सोमवारी त्यावर खडूने त्या आठवड्यात सगळ्यात जास्त खपलेल्या दहा कॅसेटी लिहायचे. हिंदी सिनेमे खाली आणि सगळ्यांच्या डोक्यावर 'घडीभर थांब - मालन विंचूरकर', असं सलग एकोणीस आठवडे. मल्हारी सोमवारी ड्यूटी सुटली की सायकल घराच्या उलट दिशेने हाकत मेनरोडला जायचा, तो फळा वाचायचा आणि घरी येऊन सांगायचा, "हाय अजून वर." बस, एवढंच. कोणाचं आहे वर, ते तोही म्हणायचा नाही.

विंचूर मल्हारीचं गाव. मालनचं माहेर निफाडकडचं. पण कंपनीला 'विंचूरकर' ऐकायला बरं वाटलं, म्हणून नवऱ्याचं गावही बायकोच्या नावाला जाऊन चिकटलं. आणि नवरा? तेहेतिसाव्या वर्षी, डोक्यावर सगळे काळे केस असताना, तो पारंपरिक झाला.

कसा झाला, ते असं.

मल्हारी आणि मालन मिळून गाण्याचा जलसा चालवायचे. मल्हारीच्या जलशात रीत होती, आणि त्याच्याच कशाला, त्या काळी वस्तीवस्तीत गाणाऱ्या सगळ्याच पार्ट्यांत होती. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याने आपलं नाव गुंफायचं. तेच त्याचं सर्टिफिकेट. कागद हरवतो, वही भिजते, पण कडव्यातलं नाव गाणाऱ्याच्या तोंडून जात राहतं आणि दहा गावं ओलांडली तरी ऐकणाऱ्याला कळतं की हे कोणाचं. कॅसेट कंपन्याही तेच बघायच्या. शेवटी ज्याचं नाव तो गीतकार, नाव नसेल तर पारंपरिक. 'घडीभर थांब'चं शेवटचं कडवं होतं:

मल्हारी म्हणे, गाणं सरलं,
सांगायचं होतं ते मनात उरलं.

जलशात मालन तीन कडवी म्हणायची आणि चौथ्याला मल्हारी पुढे यायचा. आवाज त्याचा जेमतेम. लोक तोवर उठून चपला शोधायला लागलेले असायचे. टाळ्या पडायच्या त्या तिसऱ्या कडव्याला. 'विळा माझ्या हाती, डोईवर ऊन, कांद्याची पात हले मला बघून.' या 'मला बघून'ला मालनचा आवाज असा काही वर चढायचा, की शिट्ट्या मारून पोरांचे गाल दुखायचे. ते कडवं मल्हारीने तिच्यावरच लिहिलं होतं. लग्नाआधी त्याने तिला पहिल्यांदा पाहिलं ते असंच, निफाडच्या रानात, विळा हातात घेतलेलं.

मुंबईच्या स्टुडिओत कंपनीला फक्त बाईचा आवाज पाहिजे होता. चारही कडवी मालनच म्हणणार असं ठरलं. वाजवणारे तयार झाले, आणि काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टने हातातलं घड्याळ बघून माईकवर विचारलं, "बाई, गाणं फार लांबतंय. कॅसेटच्या एका बाजूत बसणार नाही. एक कडवं काढावं लागेल. कुठलं काढू?"

मल्हारी तेव्हा सगळ्यांसाठी खाली चहा आणायला गेला होता. असता तर त्यालाच विचारलं असतं. मालन काचेसमोर एकटी उभी, कानावर हेडफोन, अठ्ठावीस वर्षांची. पहिलं काढावं तर गाणं सुरू कसं होणार? दुसऱ्यात विंचूरची वाट होती, ती काढली तर धृपदालाच अर्थ उरला नसता. राहिली दोन. एकात ती होती आणि एकात तो. तिने काही फार विचार केला असं नाही. खोटं कशाला बोला, विचार केला असता तरी तिने तेच केलं असतं. तिसरं कडवं सोडणं म्हणजे आपला गळाच घरी ठेवून येणं, असं तिला वाटलं.

"शेवटचं काढा," ती म्हणाली. "त्यात काय हाय? नुसतं नाव तर हाय."

एका दमात गाणं ओके झालं. ती बाहेर आली तेव्हा रेकॉर्डिस्टच्या खोलीत दाराशी मल्हारी किटली घेऊन उभा होता. त्याने सगळ्यांना चहा ओतला. चहा गार झाला होता. कोणीतरी तसं बोललंही आणि सगळे हसले.

परतीच्या गाडीत कसाऱ्याच्या पुढे तिनेच विषय काढला. "शेवटचं कडवं कापलं त्यांनी. बाजूत बसत नव्हतं म्हणे. कंपनीवाले काय ऐकतात होय आपलं?"

"असू दे," मल्हारी म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

ते 'असू दे' पस्तीस वर्षं पुरलं. कॅसेट आली, वर पारंपरिक. मालनने चारचौघांत चडफडाट केला, कंपनीला तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर आलं नाही. मुंबईला जाऊन भांडा म्हणून ती नवऱ्याच्या मागे लागली, तो गेला नाही. हळूहळू तिचं तिलाच खरं वाटायला लागलं, की कंपनीनेच कापलं. खोटं रोज बोललं की ते अंगवळणी पडतं, आणि तिला तर ते मुलाखतींतून सांगावं लागायचं.

आणि मल्हारीने लिहिणं थांबवलं. ठरवून बिठवून नाही, म्हणजे तिला तरी तसं वाटलं नाही. कंपनी दुसरी कॅसेट मागत होती, गावोगावचे लोक नवीन गाणं मागत होते, आणि हा विचारलं की म्हणायचा, "सुचत नाय." ती दुसऱ्यांची गाणी गायली. एकही चाललं नाही. फळ्यावर दहावा नंबरसुद्धा कधी लागला नाही. जिथे जाईल तिथे लोक तेच एक गाणं मागायचे आणि तीही तेच एक गायची, पन्नाशी उलटली तरी 'कांद्याची पात हले मला बघून'. अशाच एका कार्यक्रमाच्या सुपारीहून चिडून घरी आली आणि नवऱ्याला तोंडावर म्हणाली, "तुम्ही एका गाण्याचे शाहीर! एक लिहिलं आणि आटलात!" त्याने ताट वाढून घेतलं आणि जेवला.

मग दोन वर्षांपूर्वी कोणा डीजेने गाण्याला ढोल जोडले आणि मेलेलं गाणं उठून बसलं. लोक मोबाइलवर त्यावर नाचायला लागले. विमानात बसलेल्या बायका, दुबईतली पोरं, दवाखान्यातल्या नर्सा, सगळे 'घडीभर थांब' करत हात पुढे करायचे. नात सृष्टी रोज आकडा सांगायची. "आजी, पाच कोटी! आजी, देशात पहिला नंबर!" मल्हारी शेजारी बसून त्या चिमुकल्या पडद्याकडे बघायचा. "हाय का अजून वर?" एवढं विचारायचा. मालनबाई त्याच्या कानाकडे बघायची. या माणसाचे कान चालले होते. उद्या कोणी त्याचं नाव घेतलंच, तर ते ऐकणार कोण?

म्हणून तिने किशोरला सांगितलं, "येते मी. पण चार कडवी म्हणणार."

"मावशी, दीड मिनिटाचा स्लॉट आहे. रिमिक्सच्या ट्रॅकवर म्हणायचंय, पोरं मागे नाचणार आहेत. तिसरं कडवं आणि धृपद, बस. तेच लोकांना हवंय."

"मग दुसरी मालन विंचूरकर बघ."

किशोरने डोकं खाजवलं. दुसरी मिळण्यासारखी नव्हती. "बरं, ट्रॅक संपल्यावर म्हणा तुम्ही. पण लवकर आटपा."

आठवडाभर मालनबाई स्वयंपाकघरात ते कडवं घोळवत राहिली. शब्द एकही विसरली नव्हती. पण ते तिने कधी गायलंच नव्हतं, त्यामुळे 'मल्हारी'ला सूर कुठे ठेवायचा ते कळेना. सृष्टी ओट्याशी उभी राहून ऐकायची. बारावीतली पोर, विचारायचं तेच विचारणार.

"आजी, एवढं भारी कडवं आहे. तेव्हा का नाही म्हटलंस?"

"कंपनीवाल्यांनी कापलं गं," मालनबाई म्हणाली, आणि फोडणी करपली. त्या दिवशी तिने मनाशी ठरवलं. आधी भर सभेत त्यांचं नाव घ्यायचं. मग खाली येऊन त्यांना खरं काय ते सांगून टाकायचं. मोठं देणं आधी दिलं की लहान कबुली सोपी जाईल, असा तिचा हिशोब होता.

रविवारी सकाळी अकराचा कार्यक्रम, गंगापूर रोडच्या सभागृहात. मल्हारीने पांढरा शर्ट घातला. मालनबाईने त्याच्या खिशातली डबी काढून मशीन स्वतःच्या हाताने त्याच्या कानात बसवलं. "आज काढायचं नाय," तिने बजावलं. "आज ऐकायचं हाय तुम्हाला."

"पंखा असंल तिथं," तो म्हणाला.

"एसी हाय. गप बसा."

हॉल गच्च भरला होता. मल्हारी आणि सृष्टी पहिल्या रांगेत, पण कडेला. मधल्या खुर्च्या पाहुण्यांच्या. तीन भाषणं झाली. एका पाहुण्याने सांगितलं, की हे गाणं आपल्या मातीचं आहे, ते कोणी एकाने लिहिलेलं नाही, पिढ्यान् पिढ्या ते आपल्या आयाबहिणींच्या ओठांवर होतं. टाळ्या पडल्या. मालनबाईने व्यासपीठावरून नवऱ्याकडे पाहिलं. तोही टाळ्या वाजवत होता.

मग शाल आली, ट्रॉफी आली, ढोल वाजले आणि मागे पंधरा पोरं नाचायला लागली. मालनबाई तिसरं कडवं गायली. 'मला बघून'ला आवाज पूर्वीसारखा चढला नाही, पण चढायची गरजच पडली नाही. तिथे हजार लोकांनीच तो चढवला. सगळ्यांचे मोबाइल वर होते. ट्रॅक थांबला, लोक ओरडले, किशोर माईक घ्यायला पुढे आला. तिने तो दिला नाही.

"एक कडवं राहिलंय," ती म्हणाली. "पस्तीस वर्षं राहिलंय."

आणि साथीशिवाय, नुसत्या गळ्याने तिने सुरुवात केली. मल्हारी म्हणे, गाणं सरलं. नाचणारी पोरं कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मोबाइल एकेक करून खाली आले, कोणी आपला व्हिडिओ कसा आलाय ते बघायला लागलं. मागच्या रांगांत खुर्च्या वाजल्या. सांगायचं होतं ते मनात उरलं. तिने दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा नवऱ्याकडे बोट करून म्हटलं, "हे मल्हारी! हे बसलेत ते! यांनी लिहिलंय गाणं!"

थोड्या टाळ्या पडल्या, म्हाताऱ्या माणसांना देतात तशा. मग मागून कोणीतरी ओरडलं, "मावशी, विळावालं घ्या परत!" आणि सगळा हॉल तेच मागायला लागला. किशोरने हलकेच तिच्या हातातला माईक काढून घेतला, ढोल सुरू केले, आणि पोरं पुन्हा नाचायला लागली.

मालनबाई शाल सावरत खाली उतरली. तिला त्या हॉलचं काही वाईट वाटलं नाही. ज्याच्यासाठी म्हटलं होतं तो समोर होता आणि त्याच्या कानात मशीन होतं. ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली, धाप लागली होती तरी त्याच्या उजव्या कानाशी वाकली.

"ऐकलं का? घेतलं नाव तुमचं. सगळ्यांसमोर घेतलं."

"ऐकलं," मल्हारी म्हणाला. "चांगलं म्हटलंस. 'सरलं'ला जरा घाई झाली."

तिला रडू फुटायला आलं. तिने त्याचा हात धरला. आता सांगून टाकायचं, असं म्हणून तिने तोंड उघडलं, तेवढ्यात तोच बोलला, अगदी साधेपणाने, बाजारातून काय आणायचं ते विचारावं तसा.

"पण कशाला एवढा खटाटोप केलास? त्यात काय हाय? नुसतं नाव तर हाय."

मालनबाईचा हात त्याच्या हातात तसाच राहिला. हे शब्द तिने आयुष्यात एकदाच उच्चारले होते. काचेच्या खोलीत, एकटीने, माईकसमोर.

"चहा घेऊन आलो होतो मी," मल्हारी म्हणाला. "त्या मोठ्या स्पीकरच्या पेटीतून तुझा आवाज येत होता. लय स्वच्छ ऐकू आलं."

गार चहा तिला आठवला, आणि त्यावर हसलेले लोक. ती स्वतःही हसली होती. परतीची गाडी आठवली, 'असू दे' आठवलं. सायकलवरून फळा वाचायला जाणारा माणूस आठवला, आणि त्याच्या ताटासमोर उभी राहून आपण त्याला काय म्हणालो होतो, तेही आठवलं. तो आटला नव्हता. त्याने ठरवून बंद केलं होतं.

"मग बोलला का नाहीत?" ती ओरडली. पाहुणे वळून बघायला लागले. "पस्तीस वर्षं! एकदा तरी शिवी द्यायची! मला खोटं बोलू दिलं तुम्ही, बघत बसलात नुसते! बोला की आता!"

मल्हारीने खिशातून डबी काढली. कानातलं मशीन हळूच बाहेर ओढलं, रुमालाने पुसलं, डबीत ठेवलं आणि झाकण लावलं.

"पंख्यासारखा आवाज येतोय," तो सृष्टीला म्हणाला. "चल, रिक्षा बघू."

नातीच्या खांद्यावर हात ठेवून तो खुर्च्यांमधल्या वाटेने दाराकडे निघाला. स्टेजवर पोरं 'घडीभर थांब' म्हणत हात पुढे करत होती आणि हॉल त्यांच्यामागे गात होता. मालनबाई उठून उभी राहिली. तिने त्याला हाक मारली. आयुष्यभर 'अहो' म्हटलं होतं, आज पहिल्यांदा नावाने मारली, गळ्यात होता नव्हता तेवढा आवाज काढून मारली. दोन रांगांतल्या लोकांनी मान वळवली, सृष्टीही थांबून मागे बघायला लागली.

मल्हारीला ऐकू गेलं नाही. तो नातीला पुढे घेऊन दाराबाहेर पडला.